पाठमोऱ्या माणसाचे मनगट

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक म्हातारा माणूस आहे. माझ्या अंगात हाड नाही, रक्त नाही. काळ्या रेषांनी माझे शरीर काढलेले आहे आणि वरून प्लास्टिक चढवलेले आहे. उंचीने मी तुमच्या दप्तराहून थोडा मोठा असेन. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटणार नाही. मी फार भित्रा आहे.

नागपुरात गांधीबागेतल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. चित्र काढणाऱ्याने मला पाठमोरे काढले, म्हणून मला चेहरा नाही. मान, खांदे, कोपरे, मनगटे, पाठ, कंबर, मांड्या, गुडघे, घोटे, असे माझे भाग तुटक रेषांनी वेगळे केले आहेत. छापखान्यातल्या एका कामगाराने मला उजेडात धरून विचारले, "हा कोण गा? भिंतीकडं तोंड करून उभा आहे. मास्तरानं शिक्षा केली काय याले?" सगळे हसले. माझ्या मनात मात्र धास्ती बसली ती तेव्हापासूनच. आपल्या पाठीमागे कोण उभे आहे हे ज्याला दिसत नाही, तो निर्धास्त कसा राहणार?

मिनलताईंनी मला विकत नेले. त्या कामकरी माणसांच्या दुखण्यांची पाहणी करत. दिवसभर एकच हालचाल करणाऱ्यांचे स्नायू आणि सांधे हळूहळू कुरकुरू लागतात. हे दुखणे तापासारखे थर्मामीटरवर चढत नाही. सुरुवातीला ते कुठल्या फोटोतही येत नाही. ज्याचे त्यालाच ते ठाऊक असते, म्हणून ते विचारावे लागते. त्यासाठी ताईंकडे एक प्रश्नावली होती. गेल्या वर्षभरात इथे दुखले का, ठणका लागला का, मुंग्या आल्या का? गेल्या आठवड्यात काय? त्यापायी तुमचे नेहमीचे काम अडले का? प्रश्न सोपे होते, पण उत्तरे देताना माणसे गोंधळत. कुणी नुसतेच "अंग दुखते" म्हणे. मग ताई मला पुढे करत आणि म्हणत, "याच्या अंगावर बोट ठेवा. तुमचं जिथे दुखतं, तिथे."

बोट टेकले की मला त्या माणसाचे सगळे कळे. डोळे नसूनही कळे. बस चालवणारे माझ्या कमरेवर बोट ठेवत. शिवणकाम करणाऱ्या बाया मानेवर ठेवत. एक ड्रायव्हर तर म्हणाला होता, "मॅडम, याची कंबर माह्यापेक्षा बरी दिसते. उद्यापासून यालेच बसवा गाडीवर." ते माझे सुखाचे दिवस होते. लोक खरे बोलत आणि मला माणसासारखे वागवत.

मग मी नागपूरजवळच्या हिंगण्याला आलो.

तिथल्या एका कारखान्यात कूलर बनत. बायांच्या हॉलमध्ये जाळीच्या चौकटीत गवत भरायचे आणि तारेने बांधून टाकायचे काम चाले. तार फिरवायची, पक्कड आवळायची, मनगट वळवायचे, तार तोडायची. आणि पुन्हा तेच. ऊन तापायच्या आत साऱ्या नागपूरला कूलर लागतात. त्यामुळे सीझनमध्ये त्या बायांना पाणी प्यायलाही फुरसत नसे. ताई अधूनमधून येत, म्हणून त्यांनी मला तिथेच ठेवले. बाया डबा खात त्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला, मी लटकत राहिलो.

पहिल्या पाहणीला सगळ्यांत आधी प्रेमिला आली. मोकळ्या मनाची बाई. हॉलचे सुपरवायझर देवाजीभाऊ शेजारीच हाताची घडी घालून उभे होते. प्रेमिलाने सरळ माझ्या मनगटावर बोट दाबले आणि म्हणाली, "हे पाहा मॅडम, इथं. सकाळी कपबशी धरवत नाही." देवाजीभाऊंनी मान हलवली. बस, एवढेच झाले.

पावसाळ्यात काम थंडावले आणि पोळ्यानंतर बायांना पुन्हा बोलावणे आले. प्रेमिला आली नाही. डबा खाताना कुणीतरी हळूच म्हणाले, "तिनं बोट ठेवलं होतं ना वं." सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आत्ता या मला खिळ्यावरून काढून चुलीत घालणार. त्यांनी तसे काही केले नाही. त्या फक्त मला घाबरू लागल्या. आणि खरे सांगतो मित्रांनो, तुम्ही ज्याला घाबरता तोही तुमच्याइतकाच घाबरलेला असू शकतो.

दुसऱ्या पाहणीला देवाजीभाऊ पुन्हा तसेच हाताची घडी घालून उभे राहिले. हॉलमधली सर्वांत वडीलधारी बाई शोभाताई पुढे आली. तिने बोट उचलले. ते माझ्या मनगटापर्यंत येऊन हवेतच थांबले, मग खाली उतरले आणि गुडघ्यावर टेकले.

"गुडघा," ती म्हणाली. "वय झालं ना बाप्पा. घरचंच दुखणं आहे, कंपनीचं काई नाही."

तिच्यामागून आलेल्या प्रत्येक बाईने गुडघाच दाखवला. विशीतल्या पोरींनीसुद्धा. गुडघ्याचे दुखणे निर्धोक होते. ते वयाचे होते, देवाचे होते, घरच्या जिन्याचे होते. त्यावर कुणी नोकरीवरून काढत नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. त्या दिवशी बोटांच्या मळाने माझा गुडघा काळा पडला आणि मनगटे कोरी करकरीत राहिली. मिनलताईंच्या कपाळाला आठी पडली. हाताचे काम करणाऱ्या बायांचे गुडघे कसे दुखतात, हे त्यांना उलगडेना. तरी उत्तरे होती तीच त्यांनी पुढे पाठवली आणि कंपनीने उभे राहायच्या जागी रबरी गाद्या टाकल्या.

"गुडघ्याले गादी भेटली वं," माया डब्यातली भाजी वाढत म्हणाली. "आता हाताले कायची वाट पाहायची?"

"हळू बोल," गोपिका म्हणाली. "तो आयकून राहिला." आणि तिने माझ्याकडे बोट केले.

या गोपिकाचीच ही गोष्ट आहे, मित्रांनो. बांधणीच्या टेबलावर तिचा हात सगळ्यांत चपळ चाले. घरी नवरा नत्थू आणि शाळेत जाणारी मुलगी श्वेता होती. नत्थू विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाकडे बांधकामावर जाई, पण ते काम कधी असे, कधी नसे. घराचा भरवसा गोपिकाच्या हातावरच होता. आणि तोच हात तिला सोडून चालला होता. हे तिने फक्त मायाला सांगितले होते. माझ्या खिळ्याखाली बसून सांगितले, म्हणून मलाही कळले.

"श्वेता म्हणते, आई, वेणी सैल राहते. बाई रागावते शाळेत," गोपिका म्हणाली. "मी तं घट्टच बांधते वं. मले कळतच नाही, केस हातात आहेत की नाही."

"मंग सांग ना मॅडमले."

"प्रेमिलानं सांगितलं होतं."

मायाने डब्याचे झाकण लावले.

खरी भीती पुढे होती. बांधणीच्या टेबलाशेजारी जाळी कापायचे यंत्र होते. पायाने दाबले की त्याचे पाते खाली येई. दुपारनंतर गोपिकाला तिथे उभे राहावे लागे. डाव्या हाताने जाळीची कड धरायची आणि पाय दाबायचा. ज्या बोटांना केस कळत नाहीत, त्यांना पाते कसे कळणार? डब्याच्या खोलीचे दार उघडे असले की मला त्या यंत्राचा आवाज येई. खट्. मग काही क्षण शांतता. कुणाची किंकाळी येते का म्हणून मी ऐकत राही. मग पुन्हा खट्.

एका दुपारी किंकाळी आली नाही, मायाचा आवाज आला. "अवं गोपिका, रक्त!"

आणि गोपिकाने अगदी साधेपणाने विचारले, "कोणाचं?"

तिच्याच बोटाचे होते. जाळीची तार आत घुसली होती आणि गवतावर लाल डाग पडत चालला होता. माया तिला ओढत माझ्या खोलीत घेऊन आली आणि चिंधी बांधू लागली. गोपिका त्या बोटाकडे दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखी पाहत होती. रडली नाही. दुखतच नव्हते, तर रडणार कशी? मित्रांनो, दुखण्याची भीती सगळ्यांना वाटते. न दुखण्याची भीती मी त्या दिवशी पाहिली. आज तार होती. उद्या पाते असेल. आणि सीझनच्या बाया निवडायची वेळ दसऱ्यानंतर येऊन ठेपणार होती.

"देवाजीभाऊले नको सांगू," गोपिका एवढेच म्हणाली. "शपथ आहे तुले."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांना हात लावायचा तो फक्त पुजायला. यंत्रे बंद होती, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. देवाजीभाऊ प्रसादाच्या बुंदीच्या मागे धावत होते. बायांनी आपापल्या पकडी धुऊन पाटावर मांडल्या आणि हळदकुंकू वाहिले. मग शोभाताई कुंकवाची वाटी घेऊन माझ्यासमोर आली.

"यालेही लावते," ती म्हणाली. "वर्षभर आपली बोटं सोसते हा. हाही अवजारच झाला."

तिने बोट उचलले आणि थबकली. "अवं, याले तं कपाळच नाही!"

"पाठमोरा आहे तो," एक पोरगी म्हणाली. "लाजते बिचारा. इतक्या बायांत एकटा माणूस."

सगळ्या खळखळून हसल्या. त्या खोलीत मी कितीतरी दिवसांनी हसणे ऐकले. शोभाताई मात्र विचारात पडली होती. कपाळ नाही, तर कुंकू लावायचे कुठे? तिने क्षणभर डोळे मिटले आणि माझ्या उजव्या मनगटावर बोट टेकले. "हातात बळ राहू दे बाप्पा," ती पुटपुटली.

हसणे थांबले. दुसरी आली. तिनेही मनगटावरच लावले. मग तिसरी. कुणी अंगठ्याच्या बुडाशी लावले, कुणी दोन्ही मनगटांवर. गुडघ्याकडे कुणी पाहिलेही नाही. त्या मला उत्तर देत नव्हत्या, देवाकडे मागत होत्या. आणि मागताना माणूस चुकीच्या जागी बोट ठेवत नाही. गोपिकाने डाव्या मनगटावर कुंकू इतके दाबून लावले की मी खिळ्यावर हललो.

माया मागे उभी होती. "मी कुंकू लावत नाही, तुमाले माईत आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर जायचे होते. तरी ती पुढे आली आणि कोरडे बोट माझ्या मनगटावर ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिच्या बोटालाही मुंग्या येत होत्या. हे तिने गोपिकालासुद्धा सांगितले नव्हते.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी देवाजीभाऊ खोलीत आले, माझ्याकडे पाहिले आणि जागच्या जागी उभे राहिले.

"हे कोणं केलं?"

बाया दारात गोळा झाल्या. पूजेच्या दिवशी कुणाच्या ध्यानात आले नव्हते ते आता सगळ्यांना एकदम दिसले. माझी दोन्ही मनगटे लालभडक होती. म्हणजे साऱ्या हॉलने आपले गुपित स्वतःच्या बोटांनी भिंतीवर मांडून ठेवले होते. कुणी पदर तोंडाशी धरला. कुणी खाली पाहू लागली.

"मॅडम आत्ता येऊन राहिल्या," देवाजीभाऊ ओरडले. "त्यांची वस्तू खराब केली, मलेच बोलतील. गोपिका, पूस लवकर. ओला कपडा घे."

गोपिकाने बादलीतून फडके काढले. ते पिळायला गेली. तिच्या हातून फडके सुटले आणि जमिनीवर सपकन पडले. तिने उचलले, पुन्हा पिळले. पुन्हा पडले. पाणी तिच्या पायांवरून वाहत गेले. तिसऱ्यांदा ती वाकली, तेव्हा दारात मिनलताई उभ्या होत्या.

"अवं, साधा कपडा पिळता येत नाही तुले?" देवाजीभाऊ म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा आवाज उतरत गेला. त्यांना कळले होते.

"नाही येत भाऊ," गोपिका म्हणाली. फडके खाली टाकून ती माझ्यापाशी आली आणि लाल मनगटावर बोट ठेवले. "इथं. उन्हाळ्यापासून. आता काढायचं असन तं काढा मले. प्रेमिलाले काढलं तसं."

"प्रेमिलाले कोणं काढलं?" देवाजीभाऊ चकित होऊन म्हणाले. "मी फोन केला होता तिले पोळ्यानंतर. तिनंच नाही म्हटलं."

मिनलताई आत आल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला त्या सरकारी दवाखान्यात भेटल्या. हातात परात धरता येत नाही त्यांना. अंगठ्याच्या बुडाशी हात अगदी वाळलाय. त्यांनी खरं सांगितलं होतं, पण फार उशिरा. आणि मीही पुन्हा त्यांच्याकडे विचारायला गेले नाही."

इतके दिवस सगळ्या ज्याला भीत होत्या ते खोटे निघाले होते, आणि जे खरे निघाले ते त्याहून भयंकर होते. गोपिका आपल्या अंगठ्याचे बूड दाबून पाहू लागली. मग शोभाताईनेही आपला हात पाहिला. मग सगळ्यांनीच.

"माहं पण मनगटच आहे मॅडम," शोभाताई म्हणाली. "गुडघे ठणठणीत आहेत. पंचमीले फुगडी खेळली मी."

"माहंही," माया म्हणाली.

मिनलताईंनी नवे कागद काढले. "सगळ्यांना पुन्हा विचारते. एकेकीला, दार लावून. देवाजीभाऊ, तुम्ही बाहेर थांबा."

"मी काय वाघ आहे का जी?"

"वाघ नाही. पण तुम्ही हाताची घडी घालून उभे राहता."

देवाजीभाऊंनी पटकन हाताची घडी सोडली. त्यांना ते आजवर ठाऊकच नव्हते. जाताना ते दारात अडखळले. "बाया हो, सीझनचं मी काई सांगू शकत नाही. ते वरून ठरते. पण यंत्रावर गोपिका आजपासून नाही उभी राहणार. ते माह्या हातात आहे." मग थोडे घुटमळून म्हणाले, "आन् मॅडम, सगळ्यांचं झालं की माही कंबर लिहा."

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस होते. मिनलताईंनी या खेपेची उत्तरे वर पाठवली. गोपिकाला डॉक्टरांकडे पाठवले. नस दबली आहे, हात अजून वाळलेला नाही, हाताला विश्रांती आणि पट्टा हवा, असे डॉक्टरांनी सांगितले. बोटांत जाण परत येईलही, पूर्ण येईल असे मात्र सांगता येत नाही, असेही म्हणाले. आणि पट्टा बांधून ती घरी बसली. कारखान्यात जाड मुठीच्या, हलक्या हाताने चालणाऱ्या पकडी आल्या. बांधणीवर दोन तास बसले की पाळी बदलायची, असे ठरले. ते सगळे ठीक होते. पण सीझनला कुणाला बोलावणार, ते कुणालाच माहीत नव्हते. मी खिळ्यावर लटकून एकच विचार करी. माझ्यावर बोट ठेवल्याने तिचे वाईट झाले, तर मला कुणी पुन्हा कधी खरे सांगेल का?

सीझनच्या पहिल्या सकाळी कंपनीची बस फाटकाशी थांबली. मी पावले ऐकत राहिलो. शोभाताईची जड पावले आली. मायाची भरभर आली. मग बराच वेळ कुणी आले नाही. मला वाटले, संपले.

मग दार ढकलले गेले. गोपिका होती. मनगटाला निळा पट्टा होता. डबा ठेवून ती माझ्यापुढे उभी राहिली, पट्टा थोडा सैल केला आणि बोटे माझ्या मनगटावर टेकवली. ती खूप वेळ तशीच उभी राहिली.

"माया," तिने हाक मारली. "अवं माया, इकडं ये! हा गार लागून राहिला मले!"

आता मी म्हातारा झालो आहे, मित्रांनो. माझे कोपरे उकलले आहेत. मिनलताईंच्या हातात पडद्याची पाटी आली आहे, तिच्यात नवा माणूस आहे. मला कपाटामागे ठेवले आहे. तिथे अंधार आहे, पाली आहेत, आणि मी अजूनही भित्राच आहे. पण एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणी हाताने काम करत असेल, तर आज त्यांना विचारा की कुठे दुखते. एकटे असताना विचारा. आणि उत्तर "काही नाही" आले, तर लगेच उठून जाऊ नका, जरा थांबा. आणि उद्या तुम्हाला कुणी असे विचारले, तर बोट खऱ्या जागीच ठेवा.

मला पुसायचे त्या दिवशी राहून गेले, ते राहूनच गेले. प्लास्टिकच्या उकललेल्या कडेतून थोडे कुंकू आत शिरले आहे. ते अजून माझ्या डाव्या मनगटावर आहे.